रुसलेल्या मामाची पंगत

आमच्या घरात धोक्याची एकच घंटा आहे. मनु माझ्याशी सहमत झाली, की समजायचं तिच्या रक्तातली साखर उतरली.

चाळीसएक वर्षांच्या संसारात तिला माझं एकही म्हणणं पटलेलं नाही. मी पाऊस येईल म्हटलं की ती गोधड्या भिजत घालते. पण साखर उतरली की तिच्या कपाळावर घाम येतो, तोंडावर एक मऊ हसू येतं आणि ती म्हणते, "तुमचं बरोबर हाय." पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आनंदानं शेजारी सांगायला गेलो. परत आलो तर ती ओट्याला टेकून खाली बसलेली, आणि मला "दादा" म्हणत होती. तेव्हापासून तिच्या पिशवीत खडीसाखरेची डबी असते आणि माझ्या डोक्यात ती घंटा.

गेल्या हिवाळ्यात खंडाळ्याला लेकीकडं राहून आम्ही सांगलीला परत निघालो. आमचे जावई उदयसिंह तिथल्या एका कंपनीत आहेत. सासू-सासऱ्यांचा प्रवास नुसता प्रवास होऊ नये, म्हणून त्यांनी वाटेत एक कार्यक्रम घालून ठेवला होता. कराडच्या अलीकडं, हायवे सोडून आत, उसाच्या रानात कुणीतरी रिसॉर्ट काढलंय. तिथं जेवता जेवता नाटक बघायचं. नाटक लग्नाचं आणि प्रेक्षक म्हणजे वऱ्हाडी. तिकीटसुद्धा पत्रिकेसारखं, वर गणपती, खाली "भोजन : आठ वाजता".

"फुकटची लग्नं कमी पडली म्हणून आता तिकीट काढून लग्नाला जायाचं," मनु म्हणाली. तब्येत उत्तम होती.

जावयांनी ठरवून दिलेल्या गाडीनं आम्हाला दारात उतरवलं आणि ड्रायव्हर कराडला जेवायला गेला. गेटवर भल्या मोठ्या मिशांचा एक माणूस उभा होता. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, नानासो. बाहेरचं खाणं आणि मोबाईल आत न्यायचे नाहीत, असा तिथला नियम. त्यानं मनुची पिशवी तपासून डबी बाहेर काढली.

"ते औषध हाय," मनु म्हणाली.

नानासोनं डबी उघडून हुंगली. "आजी, ही खडीसाखर हाय की."

"तीच औषध हाय."

"आमची आजी तंबाखूला औषध म्हणायची," नानासो म्हणाला. त्यानं डबी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला अडकवली.

मी म्हणालो, "असू दे गं. आठला जेवण आहे. तासा-दोन तासांत डबी परत मिळेल."

"तुमाला काय कळतंय," मनु म्हणाली. ते शेवटचं शहाणपणाचं बोलणं होतं, आणि ते मी ऐकलं नाही.

आठला थोडा वेळ असताना हात धुवायच्या जागेच्या आडोशाला मी तिला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी आम्हाला एकच मंत्र दिलाय. सुई टोचली की लगेच ताट समोर पाहिजे. इंजेक्शनला काही धीर नसतो. ते पोटात अन्न आहे की नाही हे विचारत बसत नाही, आपलं काम सुरू करतं.

मांडवात आमच्यासमोर पत्रावळी मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात मिठाची चिमूट आणि लिंबाची फोड. बाकी पत्रावळ कोरी. हलगी वाजली. नवरानवरी आले. फेटा बांधलेला एक उंच गृहस्थ नवरीचा बाप म्हणून आला. तोच मॅनेजर वीरधवल, असं शेजारच्या पाटावर बसलेल्या निवृत्त सुभेदारांनी सांगितलं. ते तिसऱ्यांदा आले होते.

मग लाऊडस्पीकरवर मानकऱ्यांची नावं वाचली गेली. चौथं नाव नवऱ्याच्या मामाचं होतं. ते ऐकताच मांडवाच्या दारातून गर्जना झाली.

"माझं नाव चौथं?"

मामा आत आला. मिशा ओळखीच्या होत्या. गेटवरचा नानासो रेशमी सदरा घालून आला होता आणि करदोट्याची किल्ली त्याच सदऱ्याखाली होती. तो मांडवाच्या मधोमध ठेवलेल्या खाटेवर आम्हा सगळ्यांकडं पाठ करून बसला.

वीरधवलनं हात जोडले. "मंडळी, मामा रुसले! आता मामा उठल्याबिगर हलगी वाजायची न्हाई, आन् हलगी वाजल्याबिगर पंगत वाढायची न्हाई!"

मांडव हसला, टाळ्या पडल्या. मी हसलो नाही. आमच्याकडं ही नाटकातली गोष्ट नाही. एका मामाच्या फेट्यापायी तीनदा गरम केलेली आमटी मी खरोखरच्या लग्नात खाल्लेली आहे. रुसलेला माणूस उठायला किती वेळ लागतो, याचा अंदाज पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नव्हता. मला होता.

"किती वेळ चालतं हे?" मी सुभेदारांना विचारलं.

"तीन गाणी," ते खुशीत म्हणाले. "तिसऱ्याला उठतो. भूक कशी लागते बघा तुम्ही!"

पहिलं गाणं सुरू झालं. करवल्या खाटेभोवती नाचल्या. मामानं मान फिरवली. मी मनुकडं बघत होतो.

"मिशी खोटी हाय त्याची," ती म्हणाली.

"खरी आहे. गेटवर होती की."

"तिथंबी खोटीच हुती."

मला बरं वाटलं. पण नुसतं बसवेना. डॉक्टर जसे मधून मधून नाडी बघतात, तसं मी काहीतरी बोलून बघायचं ठरवलं.

"आपले जावई हुशार आहेत," मी म्हणालो.

"तिकिटं काढायला काय अक्कल लागती?"

नाडी ठीक होती. दुसरं गाणं लागलं. हे लांब होतं आणि त्यात मामाला त्याच्या सात पिढ्यांची नावं घेऊन विनवत होते. मनु पदरानं गळा पुसायला लागली. मांडवात थंडी होती.

"मी निवृत्तीनंतर घरात बरीच मदत करतो," मी म्हणालो.

 ती नुसती पत्रावळीवरच्या मिठाकडं बघत राहिली.  मग मी शेवटचं अस्त्र काढलं. इतक्या वर्षांत ते कधी फुकट गेलेलं नाही.

"मनु, माझी आई साधी होती."

ती माझ्याकडं वळली. कपाळावर घामाचे थेंब होते आणि चेहऱ्यावर ते मऊ हसू.

"व्हय," ती म्हणाली. "लय साधी."

मी उठून पळालो.

मांडवामागं स्वयंपाकाची जागा होती. जिलबीच्या पराती भरून ठेवल्या होत्या. धोंडुबाई नावाची आचारीण हातात झारा घेऊन राखणीला बसली होती.

"बाई, चमचाभर साखर द्या. लवकर."

"कशाला?"

"बायकोला. तिला डायबेटीस आहे."

साखरेच्या डब्याकडं निघालेला धोंडुबाईचा हात मागं आला. "डायबेटीसला साखर? आवं आजोबा, माझा दीर आसाच गेला!"

"तिची साखर वाढली नाही, कमी झालीय. आता साखरच द्यावी लागते."

"समदी आसंच म्हणत्यात. परवा एक पाव्हणा बायकोच्या नावानं जिलबी घिऊन गेला आन् त्या खांबामागं हुबा ऱ्हाऊन सोता खाल्ली. साखरवाल्यांसाठी आमी बिनसाखरेची खीर केलीया. मामा उठला की देती."

"मग भात द्या. भाकरी द्या. काहीही द्या."

"हलगी वाजल्याबिगर एक शीत भाईर जायाचं न्हाई, सायबांचा हुकूम हाय."

मी परातीकडं सरकलो. धोंडुबाई झारा आडवा धरून मध्ये उभी राहिली. मनुचा जीव माझ्यापासून वाचवायचा, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. कुंपणापलीकडून उसानं भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक कारखान्याकडं चालल्या होत्या. हवेला मळीचा वास होता. चहूबाजूंनी नजर जाईल तिथवर साखर उभी होती आणि मला चमचाभर मिळत नव्हती.

परत आलो तर मनु एका बाजूला कलली होती. मी खांद्याला धरून सरळ केलं.

"बसा की, दादा," ती म्हणाली. "वयनी न्हाई आल्या?"

मग मला लाज राहिली नाही. मी उभा राहून ओरडलो, "माझ्या बायकोला साखर पाहिजे! कुणाकडं काही गोड आहे का?"

 सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला.

"म्हातारेबुवा नाटक कंपनीतलेच निघाले!" सुभेदार शेजाऱ्याला म्हणाले. "गेल्या वेळी नव्हते हे. कसे कळवळून ओरडले बघा. याला म्हणतात अभिनय!"

खिसे चाचपून बघावेत, असं कुणालाही वाटलं नाही. तसंही खिशातलं खाणं गेटवरच काढून घेतलं होतं. किल्ली एकाच माणसाकडं होती. मी सरळ खाटेपाशी गेलो आणि नानासोच्या कानाशी वाकलो.

"नानासो, गेटवरच्या कपाटाची किल्ली द्या. माझ्या बायकोला बरं नाही."

नानासोच्या गळ्याला माइक होता. "बघा, बघा!" तो गरजला. "पोरीचा बाप हरला, आता म्हातारं धाडलंय! आन् म्हातारं किल्ली मागतंय!" लोक पोट धरून हसले. त्या हसण्याच्या आडून तो मला हळूच म्हणाला, "आजोबा, लय रंगवताय गड्या. पर तिसऱ्या गाण्याबिगर मला उठता येत न्हाई."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त माझं खरं वाटत नव्हतं, आणि मी जितकं खरं बोलेन तितकं ते नाटकात भर घालणार होतं. मांडवात खऱ्याची किंमत शून्य होती. तिथं फक्त रुसव्याला किंमत होती.

मी त्याच्या शेजारी खाटेवर बसलो, आणि सगळ्यांकडं पाठ केली.

"मीही रुसलो," मी म्हणालो.

माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं. तिसऱ्या गाण्याची पेटी सुरू होता होता थांबली. वीरधवलकडं दुसऱ्या रुसलेल्या माणसासाठी वाक्य नव्हतं.

"आपण... आपण कोण म्हणायचं?"

"नवऱ्या मुलाचा आजोबा. मामाचं नाव चौथं तरी आहे. माझं पत्रिकेतच नाही!"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. नानासोनं चमकून माझ्याकडं बघितलं. आमच्या भागातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मामापेक्षा आजोबाचा रुसवा मोठा. आधी आजोबा, मग मामा.

वीरधवलही इथलाच होता. नाटक विसरला असेल, पण रीत विसरला नाही. फेटा काढून हातात घेऊन तो पुढं आला. "चुकलं आजोबा. काय करू? फेटा बांधू? आहेर करू?"

"फेटा नको, आहेर नको. आधी तोंड गोड करा. गूळ आणा. आत्ता!"

रुसलेल्या माणसानं तोंड गोड करायला सांगितलं, तर त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नाही. आतून स्वतः धोंडुबाई वाटीत गुळाचा खडा घेऊन आली. मला डायबेटीस नव्हता, त्यामुळं तिची काही हरकत नव्हती.

मी वाटी घेतली आणि धावत सुटलो. या वयात मी शेवटचा कधी धावलो होतो, आठवत नाही. मागून धोंडुबाईची किंकाळी आली, "आवं नगा! मारताय व्हय तिला!" आणि तिच्यामागून टाळ्या.

मनुची मान मी हाताच्या खोबणीत घेतली. गूळ दाताखाली फोडून त्याचा बारका तुकडा तिच्या ओठांशी नेला. तिनं लहान मुलीसारखं तोंड उघडलं. एरवी मी दिलेला घास तिनं आधी वास घेऊन पाहिला असता. मी दुसरा तुकडा दिला, मग तिसरा. "चघळ. चघळ गं." तिचे हात गार पडले होते. लोकांना वाटलं, म्हातारा बायकोला लग्नातला घास भरवतोय. "नाव घ्या! नाव घ्या!" असा गलका झाला.

मी नाव घेतलं. "मनु," मी म्हणालो. "मनु. ए मनु." पुढं काही जुळलं नाही.

गलका हळूहळू कमी झाला. तोंड फिरवून बसलेला नानासो आता खाटेवरून आमच्याकडं बघत होता. त्याला मनुचा चेहरा दिसला असावा, कारण तो तिसऱ्या गाण्याची वाट न बघता ताडकन उठला आणि करदोट्याची किल्ली तोडत गेटकडं पळाला.

हलगीवाल्याला एवढंच माहीत होतं, की मामा उठला की वाजवायचं. त्यानं दणक्यात हलगी वाजवली. हलगी ऐकून वाढपी धावले. भात आला, आमटी आली, भाकरी आली, जिलबी आली. नानासो धापा टाकत डबी घेऊन आला आणि सदरा सांभाळत आमच्यासमोर मांडी घालून बसला. त्याच्या मिशीचं एक टोक सुटून गालावर लोंबत होतं.

"आजी, औषध घ्या," तो म्हणाला. आवाज मामाचा राहिला नव्हता.

धोंडुबाई पदर तोंडाला लावून उभी होती.  मी मनुला आधी खडीसाखर दिली, मग आमटी-भाताचे घास भरवत राहिलो. ती मुकाट्यानं खात होती आणि मला तेच सहन होत नव्हतं. घाम थांबला. हात कोमट झाले. पण ती काही बोलेना. डोळे माझ्यावर होते, पण ओळख कुठंतरी वाटेत अडकलेली.

मी घसा खाकरला. जावयांचं नाव काढायचं धाडस होईना. त्याला ती "व्हय" म्हणाली असती तर माझं काही खरं नव्हतं. शेवटी डोळे मिटून मी मोठ्या अस्त्रालाच हात घातला.

"मनु, माझी आई साधी होती."

ती चावायची थांबली. हळूहळू मान वर करून तिनं माझ्याकडं बघितलं.

"साधी?" ती म्हणाली. "पाच वर्सं शेंगदाण्याच्या डब्याची किल्ली दिली न्हाई मला त्या बाईनं. साधी म्हणं!"

नानासोनं गोंधळून माझ्याकडं बघितलं. बायको आईला नावं ठेवते आणि नवरा डोळे पुसत हसतो, याचा अर्थ त्याला लागेना.

"आन् तुजी मिशी," मनु त्याच्याकडं वळली, "खोटी हाय म्हणून मी यास्नी मगाच सांगितलं हुतं."

मला फार भूक लागली होती. मी पत्रावळीवरची जिलबी उचलली.

"ती खाली ठेवा," मनु म्हणाली.

मी ठेवली.