लेइनासेने बंद केलेला खडक

"तू रोवलंस, तूच उपट," मुखिया कालतापाऊ म्हणाला. "दुसऱ्याचा हात लागून चालायचं नाही, वहिनी."

लेइनासे, माझी जाऊ, गुडघाभर पाण्यात उभी होती. समोर खडकाच्या तोंडाशी काठीला नामेलेच्या झाडाचं, मनाईची खूण असलेलं पान बांधलेलं. ते आहे तोवर खडक बंद. जाळं नाही, गळ नाही, शिंपलासुद्धा वेचायचा नाही. मासे संपत चाललेत म्हणून गावभर घसा कोरडा करणारी तीच, म्हणून पान रोवायचा मानही तिलाच मिळाला. माझ्या नवऱ्याने एकदा फक्त एक खेकडा उचलला, तर चर्चच्या दारात तिने त्याची अशी काही लाज काढली की बस! दंडाचं डुक्कर देऊन आम्ही सुटलो.

आता तिचाच मुलगा, कालमेट, गेला. खडक बंद म्हणून तो बाहेरच्या खोल समुद्रात गेला होता. होडी परत आली, तो आला नाही. आणि मयताच्या जेवणाला बंद खडक एक दिवस उघडायचा, हा आमचा रिवाज.

"नका उघडू, भावोजी," ती म्हणाली. "यामाचे कंद वाढा."

"माशांशिवाय जेवण? लोक तोंडात शेण घालतील आपल्या. पोराचा मान ठेवायचा नाही का?"

"मान कसला! बायकोला, लेइमासला, माशाचे डोहाळे लागलेत, आई, एकच काढतो, असं विनवत होता तो. मी म्हटलं, पान सगळ्यांना सारखं. बाहेर जा."

तिने दोन्ही हातांनी हिसका देऊन पान उपटलं आणि किनाऱ्यावर येऊन बसली.

मग सगळा गाव पाण्यात उतरला. मासे पायांना लागत होते, माणसाला बुजतही नव्हते. टोपल्या भरायला लागल्या तसं कुणीतरी हसलं. माणसाच्या पोटाला सुतक कळत नाही.

जेवणात पहिला मासा मयताच्या आईचा. लेइनासेने तो घेतला, काटे काढले आणि ताटली सुनेपुढे धरली.

"खा गं."

लेइमासने मान वर केली नाही. रडली नाही, नकोही म्हणाली नाही. दोन जिवांची बाई, भुकेली होती. तिने सगळा मासा संपवला, डोकंसुद्धा चोखून खाल्लं.

तोवर लेइनासे ताटली धरून बसली होती.