एक हात अंतर

माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल रंगात ठसठशीत एल रंगवलाय. सरकारी पुस्तकात त्याचा अर्थ 'शिकाऊ चालक, जपून' असा दिलाय. आमच्या कापू ते उडुपी रस्त्यावर त्याचा अर्थ 'या, अगदी जवळ या, लाजू नका' असा होतो. एकोणीस वर्षं बायकांना ड्रायव्हिंग शिकवतेय मी. एवढ्या वर्षांत माझ्या मागे जितके पुरुष लागले, तितके एखाद्या नटीच्याही लागले नसतील. त्यातले निम्मे एक्सप्रेस बसचे ड्रायव्हर.

या एक्सप्रेसवाल्यांबद्दल मला भारी आदर आहे हो. मंगळूरहून निघालं की उडुपीला पोचायची वेळ ठरलेली, आणि पाच मिनिटांनी मागून दुसऱ्या मालकाची बस येतेय. ती पुढे गेली तर स्टॉपवरची माणसं तिची. म्हणून हे बिचारे पुढच्या गाडीच्या डिकीत नाक खुपसून चालवतात आणि भोंग्यावरचा हात काढत नाहीत. मी सांगतेय तेव्हा हमरस्ता चौपदरी व्हायचा होता. पुढच्याला दोनच वाटा असायच्या: जोरात पळा, नाहीतर गटारात उतरा.

या पंथाचे मूळपुरुष देजप्पा करकेरा. बत्तीस वर्षं एक्सप्रेस चालवली. अर्ध्या लाइनीवरचे ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. "पुढच्या गाडीपासून एक हात अंतर ठेव," असं ते शिकवायचे. "दोन हात ठेवलंस की त्याला वाटतं, आपल्याला वेळ आहे." काय ही विद्या! मग त्यांच्या किडन्यांनीच संप पुकारला आणि सोमवारी-गुरुवारी उडुपीला डायलिसिसला जायची वेळ आली.

जायचं कसं? बसमध्ये प्रवासी म्हणून बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, आणि डायलिसिसनंतर अंगात त्राणही उरायचं नाही. रिक्षा केल्या. पण मागच्या सीटवरून "अरे चालव की! झोपलास का? घाल मध्ये!" असा जप चालायचा. तीन रिक्षावाल्यांनी हात जोडले. चौथा शेजारचा सदानंद. तो टिकला, कारण त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. आणि तोही महिनाअखेर मस्कतला निघाला.

म्हणून त्यांची बायको, वनजक्का, छप्पन्नाव्या वर्षी माझ्याकडे आली. केसांत जवळच्या शंकरपुरातल्या मोगऱ्याचा गजरा, हातात शिकाऊ लायसन्स. "सुमती, लेकीची जुनी गाडी फणसाखाली उभी आहे. मला शिकव. दुसरं कोणी उरलं नाही गं यांना न्यायला."

"ही शिकणार?" सोबत आलेले देजप्पा मागून म्हणाले. "हिला सायकल येत नाही!"

"तुम्हाला तरी कुठे येते?" वनजक्का म्हणाली. खरंच येत नव्हती.

पहिल्या दिवशी तिला घ्यायला गेले, तेव्हा ती तांदळाचे पातळ नीर डोसे घालत होती. देजप्पा तिच्या पाठीला चिकटून उभे. हातातला स्टीलचा पेला शेजारच्या दाराच्या चौकटीवर आपटत होते. टण टण टण. "झालं का? अगं, झालं का?" वनजक्काने मान वळवली नाही. डोसा आपल्या वेळेने तव्यावर पडला, आपल्या वेळेने सुटला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी घड्याळ बघत बसले.

शिकायला ती बरी होती. फक्त मागून भोंगा वाजला की माझाच जीव वरखाली व्हायचा आणि पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर जायचा. हो, आमच्या गाडीत शिकवणाऱ्यालाही एक ब्रेक असतो. तो नसता तर मी केव्हाच भिंतीवरच्या फोटोत गेले असते. शेवटी एका गुरुवारी मी तिला सांगितलं, "आज यांना घेऊन उडुपीला जाऊ. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला नाही, तर शनिवारी परीक्षेला तुझं नाव. दाबावा लागला, तर आणखी महिनाभर शिकायचं."

सदानंद अकरा दिवसांनी जाणार होता. डायलिसिस काही महिनाभर थांबत नाही. तिने पदर खोचला आणि किल्ली फिरवली.

देजप्पा मागे बसले. गाडी चाळीसवर गेली आणि तिथेच राहिली. "बैलगाडी गेली गं पुढे!" ते म्हणाले.

कटपाडी गाव जवळ आलं आणि मागून भोंगा वाजला. लांब, मग दोन आखूड, मग परत लांब. देजप्पांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "चंद्रहास! आपला चंद्रा! ऐकलंत टीचर? तो भोंगा मी शिकवलाय!" ते वळून मागच्या काचेतून हात हलवायला लागले. चंद्राला वाटलं असणार, एलवाल्या गाडीतला कुणी म्हातारा आपल्याला वेडावतोय. तो आणखी जवळ आला.

"आरशात फार बघू नकोस," मी वनजक्काला म्हटलं. "एक्सिलेटर थोडा सोड. पुढे जास्त जागा ठेव. म्हणजे एकदम ब्रेक मारायची पाळी येणार नाही."

"माहितीये," ती म्हणाली. पेट्रोल पंपाचं रुंद तोंड आलं तशी डावा दिवा लावून अलगद बाजूला झाली. निळी बस घोंगावत गेली. दारात लटकलेला कंडक्टर ओरडला, "घरी जाऊन डोसे घाल, आज्जी!"

"घालून आलेय!" वनजक्का म्हणाली.

दोनशे मीटरवर तीच बस स्टॉपवर उभी. एवढी घाई करून महाराज पोचले कुठे, तर मासेवाल्या बायकांच्या टोपल्या चढवायला. आम्ही चाळीसने शेजारून निघून गेलो. दोन मिनिटांत बस परत मागे हजर. आता तर त्याचा अपमान झालेला! एलवाली बाई आपल्याला मागे टाकते म्हणजे काय?

आणि समोर उद्यावर गावाचा पूल.

अरुंद जुना पूल. डावीकडे कठडा आणि खाली नदी, उजवीकडून समोरच्या लॉऱ्यांची रांग. बाजूला व्हायला वीतभर जागा नाही. भोंगा थांबेना. मी वळून पाहिलं, तर मागच्या काचेत आभाळ नव्हतंच, नुसती बसची जाळी आणि तिला बांधलेला झेंडूचा हार. मोजून एक हात.

देजप्पांनीही पाहिलं. बत्तीस वर्षं ते जाळीच्या पलीकडे बसले होते. या बाजूने ती केवढी दिसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "वनजा... जोरात घे गं."

"पुढे टँकर आहे."

"मग बाजूला घे!"

"बाजूला नदी आहे."

मग या गृहस्थांनी काय करावं? खिशातून मोबाइल काढला आणि चंद्राला फोन लावला! आणि तो शहाणा, बस चालवता चालवता, त्याने तो उचलला! माणसं मोबाइल घेतात, पण अक्कल कधी घेतात देव जाणे.

"अरे चंद्रा! मागे हो, मागे!"

फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "अण्णा, नंतर बोलतो, व्हीलवर आहे. पुढे एक म्हातारी एल लावून मेलीये. एक हातावर घेतलीये, आता हलवतो तिला!"

"ती माझी बायको आहे रे!"

"आँ? काय? नीट ऐकू येत नाही, भोंगा वाजतोय!"

माझा पाय ब्रेकवर गेला. गेलाच. पण दाबला असता तर ती बस सरळ देजप्पांच्या मांडीवर येऊन बसली असती. मी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली आणि जीव मुठीत धरला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी गाडीत शिक्षक कोणी असेल तर ती वनजक्का होती.

"अहो," ती म्हणाली. आवाज चुलीपाशी असतो तसाच. "तो फोन ठेवा. त्याचे दोन्ही हात चाकावर असू देत."

देजप्पांनी फोन ठेवला. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं पहिल्यांदा ऐकलं असावं. चाळीसचा काटा हलला नाही. ना पुढे, ना मागे. पूल संपला, भातगिरणीसमोरचं मोकळं अंगण आलं, तिने दिवा लावला, बाजूला झाली, थांबली. माझे पाय अजून सीटवरच होते.

बसही कचकन शेजारी थांबली. चंद्राने शिव्या घालायला वाकून डावीकडच्या खिडकीतून डोकं काढलं आणि त्याचा रंगच उडाला. "अण्णा, तुम्ही! आत तुम्ही आहात हे मला काय ठाऊक? ठाऊक असतं तर असं केलं असतं का मी?"



"मनाला लावून घेऊ नकोस, चंद्रा," वनजक्का म्हणाली. "पुढच्या गाडीत कोण आहे, हे यांनीही बत्तीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. जा बाबा, तुझी वेळ चुकेल."

चंद्रा निमूट गेला. सावकाश गेला, म्हणजे त्याच्या मानाने सावकाश.

हॉस्पिटलच्या आवारात तिने दोन गाड्यांच्या मध्ये गाडी अशी लावली की मलाही जमलं नसतं. मी शनिवारच्या यादीत तिचं नाव लिहून टाकलं.

परतताना देजप्पा मागे डोळे मिटून पडले होते. मी हळूच विचारलं, "वनजक्का, पुलावर भीती कशी वाटली नाही गं तुला? माझे तर हातपाय गार पडले होते."

"सुमती, तो चंद्रा माझ्या मागे होता पाच मिनिटं," ती म्हणाली. "हे आहेत तीस वर्षं. मागून घाई करणाऱ्याने घाई करावी. आपला डोसा आपल्या वेळेनेच सुटतो."

आरशात मला दिसलं, देजप्पांचे डोळे उघडे होते.

घरी पोचल्यावर मलाही कॉफीला थांबवलं. वनजक्काने दूध चढवलं. देजप्पांना दिवसाला अर्धाच पेला कॉफीची परवानगी, आणि तो अर्धा पेला वेळेवर हवा, म्हणून तर तो चौकटीवरचा टणटणाट. मी कान टवकारून बसले. पण आवाज आला नाही. डोकावून बघते, तर म्हातारा उंबऱ्याबाहेर भिंतीला धरून उभा. पेला हातात, गप्प. चांगलं चार हात अंतर.

वनजक्काची पाठ जरा ताठ झाली. तीही वाट बघत होती. "काय हो," ती न वळता म्हणाली, "झालं का म्हणून विचारायचं नाही का आज?"

"तुझं होऊ दे," देजप्पा म्हणाले. "सावकाश."

ती एकदम वळली. पुलावर न हललेली बाई हातात पळी घेऊन तशीच त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मागे चुलीवर दूध उतू गेलं.