चार कोपऱ्यांचा शेजार

चौक गावात गॅरेज चालवणाऱ्या झाकीर मेस्त्रींची मुलगी झिनत डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिकात दोनदा आपटली होती. सकाळी अब्बांनी स्पष्टच सांगितलं, "ह्या खेपेला नाय झालं तर कॉलेज बास गं. मामूच्या दुकानात बसायचं." झिनतला दुकानात बसायचं नव्हतं. काय वाटेल ते झालं तरी नव्हतं.

कर्जतच्या कॉलेजात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला काम दिलं: चार बटणं, एक दिवा. बटणं चालू-बंद करायच्या सोळा तऱ्हांपैकी ठरावीक चारच वेळा दिवा लागला पाहिजे, आणि चिप मिळणार एकच.

झिनतनं सोळा घरांची चौकट आखली. दिवा लागायचा तिथे एक, बाकी शून्य. एक शेजारी-शेजारी आले की त्यांना मिळून गोल मारायचा, की जोडणीचं समीकरण आखूड होतं. पण तिचे चार एक चार दिशांना पांगलेले! असं जोडायचं तर चिपांचा ढीग लागला असता. आजूबाजूच्या पोरांचे दिवे लागत होते. तिला रडू येत होतं, पण ती जागची हलली नाही.

मग तिनं रकान्यांचे आणि ओळींचे मथळे पाहिले. ००, ०१, १०, ११. मोजताना ठीक, पण इथे शेजाऱ्यात एकाच अंकाचा फरक हवा. ०१ नंतर ११ यायला हवं. दोनदा ती हेच चुकली होती. पुढचं पाठ, मागचं सपाट! स्वतःचा असा राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

नव्या चौकटीत चारही एक चार कोपऱ्यांत जाऊन बसले. तिनं कागदाची सुरळी केली. डावी कड उजवीला टेकली. वरची कड खालच्या कडेला अशीच भिडते, हे मग सांगावं लागलं नाही. चारही कोपरे शेजारी! एकच गोल, आणि चारातली दोन बटणं बादच.

"दोन वायरी राहिल्यात तुझ्या," म्हणत परीक्षक शून्य मांडायला वाकले. झिनतनं गुणपत्रिकेवर हात ठेवला. "सर, आधी बटणं दाबून बघा. सोळाही वेळा."

त्यांनी कपाळाला आठ्या घालत दाबली. दिवा चारदाच लागला, अगदी हवा तेव्हा. त्यांनी पासाचे गुण मांडून सही केली.

बाहेर येऊन तिनं फोन लावला. "अब्बा, मामूला सांगा, दुकानात दुसरं माणूस बघ."