बाळाबाईनं सांगितलेले सिनेमे

बाळाबाईचा फायदा तर उघड दिसत होता. संध्याकाळी टीव्ही लागला की नवऱ्याच्या कानाशी बसून पडद्यावरचं सगळं सांगायचं, हे काम आता सुटणार होतं. घशाला आराम. शेजारच्या सावित्रम्माबरोबर चौकापर्यंत चक्कर मारायची मोकळीक. भाकरी तव्यावर असताना "आता कोण आलं गं? सगळी गप का?" अशी हाक आली की पीठ लागल्या हातानं पळायचं, तेही बंद. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादा सिनेमा नुसता बघायला मिळणार होता, गप बसून, लोक बघतात तसा. बिरप्पाचा फायदा त्याहून मोठा, निदान तो तसं धरून चालला होता. बायकोचे उपकार न घेता त्याला सिनेमा बघता येणार होता, आणि नवरेमंडळींना ही मिळकत फार मोठी वाटते.

बिरप्पा मूळ मंगळवेढ्याकडच्या धनगराचा, एस.टी.त ड्रायव्हर. काचबिंदूनं आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. चाळिशी नीट लागायच्या आत स्टिअरिंग सुटलं आणि बिऱ्हाड सोलापुरात विजापूर रोडला आलं. तेव्हापासून जग बाळाबाईच्या तोंडून घरात यायचं. दारात कोण आलं, त्याचा चेहरा पडलाय की फुललाय, भाजीवाल्यानं कालची मेथी आज कशी खपवली, समोरच्या सुनेनं नवी साडी नेसून मुद्दाम किती फेऱ्या मारल्या, सगळं ती सांगायची. त्याच ओघात टीव्हीही.

तिची सांगायची एक रीत होती. बिरप्पानं डोळे असताना जे पाहिलं होतं, त्याच्याच मापात ती सगळं बसवायची. परदेशातला बर्फाचा डोंगर आला की म्हणायची, "आपल्या रानात कडब्याच्या गंज्या लावतेत की, तसं. वरनं पांढरी धोतरं वाळत घातल्यागत." लंडनचा पूल आला की, "बेगमपूरच्या पुलावानी हाय, खाली पाणी मातुर हाय." माणसांचंही तेच. नायिकेला ती बिरप्पाच्या धाकट्या बहिणीचे डोळे द्यायची, सिनेमातल्या सासूला स्वतःच्या सासूचं नाक द्यायची, तेही तिच्या मुलासमोर. आणि खलनायकाला बहुतेक वेळा गुरुसिद्धप्पाचं तोंड मिळायचं.

गुरुसिद्धप्पा म्हणजे बिरप्पाच्या गाडीवरचा कंडक्टर, अक्कलकोटकडचा, रिटायर होऊन याच भागात राहिलेला. भिवया जाड, मिशा गालभर, आणि स्वभाव इतका मऊ की विनातिकीट माणसाला खाली उतरवताना यालाच वाईट वाटायचं. दर रविवारी तो चहाला यायचा, शेंगाचटणीची वाटी पुसून खायचा आणि जायचा. पडद्यावर आपण काय काय उद्योग केलेत याचा त्याला पत्ता नव्हता.

बाळाबाईच्या जमेला आणखी एक गोष्ट होती, पण ती कुणी मांडली नव्हती, तिनंही नाही. माहेरी ती पाच बहिणींतली चौथी, सासरी मधली सून. दोन वाक्यं सलग बोलू देणारं माणूस तिला भेटलं नव्हतं. या घरात मात्र रोज संध्याकाळी एक माणूस मान तिरकी करून तिचा शब्द न् शब्द झेलत होता.

दिवाळीला लेक वैजयंती पुण्याहून आली आणि तिनं टीव्हीवर ध्वनिवर्णन सुरू करून दिलं. पात्रं बोलायची थांबली की मधल्या जागेत एक बाई सांगते: कोण कुठं उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, कोण कुणाकडं बघून न बघितल्यासारखं करतंय.

"आप्पा, आता आईला त्रास द्यायचा नाही. ही बाई सगळं सांगेल."

"मराठीत?"

"हिंदीत. मराठीत अजून फारसं नाही."

"चालतंय. विजापूर गाडीवर कानडी ऐकून घेतलं, हिंदी काय अवघड हाय."

बाळाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "बरं केलंस बाई. सवत आणलीस, पण कामाची आणलीस."

पहिले काही आठवडे सगळ्यांचंच बरं चाललं. टीव्हीतली बाई दमत नव्हती, भाजी करपली म्हणून मधूनच उठत नव्हती. बाळाबाई सावित्रम्माबरोबर चक्कर मारून यायची आणि दारातूनच विचारायची, "झाला का शिनेमा? काय केलं त्या पोरीनं?" मग बिरप्पा तिला सांगायचा. सांगताना त्याचा आवाज चढायचा. सांगणाऱ्याच्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसला होता, आणि ती खुर्ची त्याला मानवली.

भानगड झाली ती आधी पाहिलेला एक सिनेमा पुन्हा लागला तेव्हा.

"बाळे, ह्या फौजदाराला मिशा न्हाईत म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"ही म्हणतीया. दाढी-मिशी सफाचट. आणि तू तर गुरुसिद्धप्पाच्या मिशा सांगितल्या हुत्या."

"आसंल बाई. मिशा हुत्या का नव्हत्या, काय फरक पडतोय? मानूस लबाड हुता ना?"

तिथंच थांबायला हरकत नव्हती. पण एस.टी.त एक असतं: ड्रायव्हरला कुणी तपासत नाही. मधल्या फाट्यावर चेकर चढतो तो कंडक्टरच्या मागं लागतो, दिलेली तिकिटं आणि बसलेली माणसं जुळवून बघतो, आणि ड्रायव्हर आरशातून मजा बघत असतो. बिरप्पानं जन्मभर ती मजा बघितली होती. आता चेकरची जागा हातात आली. पूर्वी बाळाबाईनं सांगितलेले सिनेमे, जेवढे वर्णनासकट मिळतील तेवढे, त्यानं लेकीला फोन करून शोधून घेतले आणि एकेक लावायला सुरुवात केली.

रविवारी गुरुसिद्धप्पा आला की निकाल जाहीर व्हायचा.

"ऐकलंस का, ती हिरवी साडी हिरवी नव्हतीच. पिवळी."

"असू दे की रे," गुरुसिद्धप्पा म्हणायचा.

"आणि त्या शिनेमात खून करणारा टकला हाय. हिनं तुझं डोकं लावलं हुतं."

"माझं?"

"तुझंच. मिशांसकट. एकात तर तू सख्ख्या भावाला हिरीत ढकललंस."

गुरुसिद्धप्पानं कप खाली ठेवला. "म्हंजे मी हितं बसून चहा पीत हुतो आणि तितं खून करत हुतो व्हय? वैनी, निदान एकदा तरी हिरो करायचं की."

"तुमी लई चांगलं करत हुता, भावजी," बाळाबाई म्हणाली, "म्हणून पुन्यांदा पुन्यांदा घेतलं."

सगळे हसले. चहाला आलेली सावित्रम्मा तर पदर तोंडाला लावून हसली. बाळाबाईही हसली, पण चहाचे कप नेहमीपेक्षा लवकर उचलून आत गेली. चूक सापडली की बिरप्पा आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं सांगायचा, आणि आतून "व्हय का" एवढंच यायचं. मग "व्हय का"ही यायचं बंद झालं.

एका संस्थेनं जुन्या काही सिनेमांनाही असा आवाज दिला होता. त्यात बिरप्पाला हवा तो मिळाला. डोळे पुरते गेले त्या वर्षी बाळाबाई त्याला हाताला धरून टॉकीजला घेऊन गेली होती, तो सिनेमा. त्या दिवसांत तो भिंतीकडं तोंड करून पडून असायचा, जेवायला उठवावं लागायचं. टॉकीजमध्ये ती सारखी पुटपुटत होती, म्हणून पुढचा माणूस दोनदा मागं वळून "बाई, गप बसा की" म्हणाला, तरी ती गप बसली नव्हती. गोष्ट एका ट्रक ड्रायव्हरची. अपघातात त्याचे पाय जातात, बायको वैतागून माहेरी निघून जाते. शेवटी तो घराच्या उंबऱ्यावर बसलेला असतो. संवाद नाही, नुसती बासरी वाजते, बाहेर एक गाडी थांबल्याचा आणि निघाल्याचा आवाज. बाळाबाईनं तेव्हा बिरप्पाच्या कानात सांगितलं होतं: गाडीतनं ती उतरली. पिशवी हाय हातात. आली. त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली, काय बोलंना, नुसती बसली.

त्या रात्री बिरप्पा आपण होऊन जेवला होता. हे त्याला आठवत होतं की नाही, कोण जाणे.

रविवारी सगळे जमलेले असताना त्यानं बाळाबाईनं तेव्हा सांगितलेला शेवट आधी ऐकवला आणि मग तो सिनेमा लावला. बासरी सुरू झाली. गाडी थांबली. टीव्हीतली बाई आपल्या नेहमीच्या थंड, स्वच्छ हिंदीत म्हणाली, की बसमधून कोणीच उतरत नाही. बस निघून जाते. तो रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहतो.

गुरुसिद्धप्पानं बाळाबाईकडं बघितलं आणि लगेच नजर फिरवून फरशीकडं बघत राहिला. त्याला हिशेब लागला होता. सावित्रम्मालाही लागला. डोळे असलेल्या सगळ्यांना लागला.

"ही सगळ्यात मोठी," बिरप्पा म्हणाला. आवाजात चोर पकडल्याची खुशी होती. "मिशा, साड्या सोड. तू बाई आख्खा शेवटच बदललास. ती आलीच न्हाय."

"न्हाय आली," बाळाबाई म्हणाली.

"मग आली म्हणून का सांगितलंस?"

"त्या वर्साला तुमाला काय सांगायला पायजे हुतं मग?"

"खरं ते."

"बिरप्पा, जाऊ दे," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"जाऊ दे कसं? माझ्या जागी बसून बघ. हिच्या तोंडचं मी सगळं धरून चाललोय. आता त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं?"

बोलण्याच्या भरात निघालेलं वाक्य होतं. पण निघालं, आणि मग त्याचा त्यालाच चटका लागला. त्या आठवड्यात तो हळूच इकडं तिकडं विचारत सुटला. सावित्रम्माला विचारलं, आमच्या घराला रंग कुठला? ती म्हणाली, बदामी. बाळाबाईनंही बदामीच सांगितला होता. गुरुसिद्धप्पाला विचारलं, माझा जावई दिसायला कसा? माझे केस किती राहिलेत? सगळं जुळलं. सिनेमे सोडले तर तिनं कशालाच हात लावला नव्हता. पण चौकशी केल्याची बातमी सावित्रम्माच्या तोंडून बाळाबाईपर्यंत पोचली.

ती भांडली नाही. भांडली असती तर स्वस्तात सुटलं असतं. ती फक्त नेमकी बोलायला लागली.

"कोण आलंय गं?"

"एक बाई."

"कोण बाई?"

"समोरची सून."

"तोंड कसं हाय तिचं?"

"हाय जाग्यावर."

रस्त्यानं जाताना पायरी, खड्डा, रिक्षा. बाजारात वांगी, कोथिंबीर. मेथी जुनी आहे असंही म्हणायची नाही, मेथी म्हणायची. सगळं खरं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. टीव्हीतली बाई निदान "उदास दिखती है" तरी म्हणायची.

बिरप्पाला कळायला पावसाळा उजाडला. एका संध्याकाळी त्यानं टीव्ही लावलाच नाही. "चुकलं माझं," तो म्हणाला, आणि हा शब्द त्याच्या तोंडून या घरात पहिल्यांदा ऐकू आला. "आदीसारखं सांग की. गुरुसिद्धप्पाला घे पायजे तर."

बाळाबाईचा राग तेव्हाच गेला असणार, कारण ती खरंच शेजारी येऊन बसली. टीव्हीवर कुठलीशी मालिका लावली, वर्णन सांगणाऱ्या बाईचा आवाज बंद केला आणि सुरुवात केली. "एक म्हातारा हाय. तुमच्या थोरल्या काकावानी..." आणि थांबली. पडद्याकडं निरखून बघायला लागली. "न्हाय. काकाचं कपाळ रुंद हुतं. ह्याचं... मध्यम हाय." पुढचं दृश्य निघून गेलं, ती अजून कपाळावरच होती. थोडं रेटून बघितलं, मग तिनं स्वतःच त्या बाईचा आवाज परत चालू केला.

श्रावणात वैजयंती बाळंतपणाला आली आणि तिला मुलगी झाली. दवाखान्यात बाळ बिरप्पाच्या मांडीवर ठेवलं. त्यानं बोटांनी कपाळ, नाक, हनुवटी चाचपली, पण एवढ्याशा तोंडावरून बोटाला काय कळणार.

"कुणावानी हाय गं?" त्यानं बाळाबाईला विचारलं.

बाळाबाई वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. तिच्या ओठांशी काहीतरी आलेलं दिसत होतं. बिरप्पाच्या आईचं नाव असावं, कारण तिनं दोनदा बाळाच्या हनुवटीला हात लावला. मग ती म्हणाली, "रंग सावळा हाय. केस लई हायत. डोळे मिटलेत. कुणावानी ते मला नीट सांगता यायचं न्हाय वो. चुकीचं हुईल."

"चुकू दे की."

"न्हाय, नगं."

वैजयंतीनं तेव्हा फोटो काढून फोनलाच विचारलं. फोन म्हणाला, सफेद कपड़े में लिपटा हुआ एक शिशु, सो रहा है. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आता हिशेब बघायचा तर, वैजयंतीचं काही गेलं नाही. आईची सुटका आपण केली असं ती अजून सगळ्यांना सांगते. गुरुसिद्धप्पा खुनांतून सुटला, पण रविवारी चहाला बसला की त्याला करमत नाही, लवकर उठतो. बाळाबाईला तिच्या संध्याकाळी मिळाल्या आणि त्यात बोलायला काही उरलं नाही. बिरप्पाला प्रत्येक सिनेमाचा खरा शेवट मिळाला, आणि नातीला तो मांडीवर घेऊन बसतो तेव्हा त्याच्या मनात तिला तोंड नसतं. किंमत दोघांनी मोजली, आणि ज्या पोरीनं एकही सिनेमा पाहिलेला नाही तिच्याही नावावर थोडी पडली.