रिकामी कणगी

शितलला लिहायची फार हौस, म्हणून तिने ब्लॉग काढला, असं कोणी सांगितलं तर खरं मानू नका. वीस मार्कांसाठी काढला. डहाणूच्या कॉलेजात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सरांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने आपल्या रोजच्या जगण्यावर ब्लॉग लिहायचा, आणि ज्याला वाचक जास्त त्याला मार्क जास्त. घ्या! म्हणजे जगणंसुद्धा आता बाजारात मांडायचं.

पोरीने आधी खरं लिहिलं, हे कबूल करायला हवं. तिच्या आदिवासी पाड्यावरून, झरीहून, सुटणाऱ्या रिक्षात तिघांच्या जागेवर सातजण कसे मावतात ते लिहिलं. घोलवडला चिकूच्या वाडीत निवडायला बसणारी तिची मावशी हातात घेताक्षणी किडकं फळ ओळखून बाजूला कसं टाकते ते लिहिलं. आठवड्यात अकरा वेळा कोणीतरी ते उघडलं. त्यातल्या सात वेळा तिने स्वतःच.

"हे असलं कोण वाचणार गं?" शेजारी बसणारी दक्षा म्हणाली. "लोकांना रडायला पाहिजे असतं. तू झरीची ना? मग जरा भूकबिक टाक की."

दक्षाने कधी जन्मालाच न आलेला एक काका मारला होता आणि त्याच्या मढ्यावर सहाशे वाचक जमवले होते.

त्याच संध्याकाळी शितलने ते लिहिलं. उजव्या हाताने भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण चाललेलं, डाव्या अंगठ्याने फोनवर लिखाण. 'आमची कणगी रिकामी आहे. आई रोज तिच्या तळाशी हात घालते. हाताला काही लागत नाही, तेव्हा हसून म्हणते, मला भूक नाही.' लिहिताना तिचे डोळे भरून आले. कालवण तिखट होतं.

आणि कणगी कुठे होती? तिच्या पाठीला टेकून! बांबूच्या कामट्यांची, शेणाने लिंपलेली, माणसाएवढी उंच आणि गळ्यापर्यंत भाताने भरलेली. ते भात तिच्या आईने, रखमीने, जवळजवळ एकटीच्या बळावर लावलं, कापलं, झोडलं होतं. शितलचा बाप जिव्या वर्षातले आठ महिने मासेमारीच्या बोटीवर असतो. कोणापुढे हात पसरणं रखमीला माहीत नाही. आणि तिची ही शिकलेली बया त्याच भाताचा घास तोंडात ठेवून तिला उपाशी मारत होती.

चार दिवसांत चार हजार वाचक. जोडलेले हात, रडकी तोंडं, 'डोळ्यांत पाणी आणलंस बाळा'. सरांनी भर वर्गात वाचून दाखवलं. शितल हवेतच. कोणीतरी खाली लिहिलं, पत्ता द्या. येतंय कोण एवढ्या आत, असं म्हणून हिने देऊन टाकला. अक्कल गहाण ठेवली की असंच होतं.

रविवारी सकाळी पांढरी गाडी थेट अंगणात आली. चौघं उतरली. गुजरातेतल्या कुठल्याशा मंडळाची माणसं, आणि त्यांची पुढारीण चंद्रिकाबेन. तिने शितलचे गाल कुस्करले. "तूच ना शितल? बहु सरस लिहितेस हां बेटा. मी तर जेवलेच नाही त्या दिवशी."

रखमी गडबडीने तांब्याभर पाणी घेऊन आली. दारात आलेल्याला आधी पाणी. चंद्रिकाबेनने आपली बाटली वर करून दाखवली. बाकीच्या तिघांनीही आपापल्या बाटल्या दाखवल्या. रखमी तांब्या धरून तशीच उभी राहिली.

मग गाठोडी सुटली. तांदळाची पिशवी, डाळ, तेल आणि कपडे. काय ते कपडे, शी! काखेत पिवळे पडलेले शर्ट, टिकल्या गळलेला फ्रॉक, चेन तुटलेली पँट आणि चक्क पोहायची एक चड्डी. गाठोड्यातून परक्या घामाचा शिळा वास आला.

"कुठे आहे ती कणगी?" चंद्रिकाबेनने विचारलं. "तिच्याजवळ आईंना उभं करू या."

"कसली कणगी?" रखमी म्हणाली.

"तुमची रिकामी कणगी. शितलने लिहिलंय ना सगळं. घरात दाणा नाही, तुम्ही उपाशी राहता. सगळ्या जगाला माहीत आहे."

रखमीने लेकीकडे पाहिलं. शितलने पायाच्या अंगठ्याने माती उकरायला सुरुवात केली. एक वाक्य बोलायचं होतं फक्त: मी खोटं लिहिलं. ते ओठांवर आलंही. पण मंडळाच्या एका पोराने मोबाइल समोर धरला होता, आणि त्या मोबाइलच्या मागे चार हजार माणसं, सर, दक्षा, अख्खा वर्ग.

रखमीने तांब्या खाली ठेवला. मागे जाऊन झोपडीचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि कडीवर पाठ लावून उभी राहिली.

"आत अंधार हाय," ती म्हणाली. "काय काढायचं ते इथंच काढा."

"चालेल. आई, फक्त एवढंच बोला, घरात दाणा नाही."

आता हे ऐका. त्या घरात 'संपलं' हा शब्द नाही. तळ लागला तरी बाया 'वाढलं' म्हणतात. कणगीत धान्याची देवी, कणसरी माय, बसलेली असते आणि ती सगळं ऐकते. दाणा असताना नाही म्हणणं म्हणजे तिला धक्के मारून घराबाहेर काढणं. रखमी हे तिच्या आईकडून शिकली होती, आणि उभ्या आयुष्यात, दुष्काळी वर्षीसुद्धा, तिच्या तोंडून तसा शब्द गेला नव्हता.

तिने पुन्हा शितलकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. तापाने फणफणलेल्या पोराकडे आई बघते, तसं पाहिलं.

"घरात दाणा नाय," ती बोलली.

"जरा मोठ्याने, आई. आणि हात असे पुढे करा."

"घरात दाणा नाय."

"कुत्रा भुंकला मध्येच. परत एकदा."

तिसऱ्यांदा बोलताना रखमीचा आवाज फुटला, आणि चंद्रिकाबेन खूश झाली. "हे छान आलं," ती म्हणाली. जाताना तिने रखमीचे दोन्ही हात हातात घेऊन दाबले. गाडीत बसल्यावर काच वर जायच्या आत तिने पर्समधून छोटी बाटली काढली आणि तळहातांवर औषध चोळलं. शितलला सगळ्यांची किळस आली. त्या बाईची, त्या मोबाइलवाल्याची, त्या चड्डीची. पण सगळ्यात जास्त स्वतःची आली, आणि ती थुंकून जाण्यातली नव्हती.

रखमीने दार उघडलं. कणगीकडे न बघता ती चुलीशी गेली आणि मंडळाची पिशवी फोडून त्यातले तांदूळ सुपात ओतले. पोरकिडे सुपाच्या कडेने पळायला लागले.

"आये, हे नको ना," शितल म्हणाली. "आपलं भात काढ."

"कशातून काढू? तिला तीनदा नाय म्हटलं मी."

शितल रडायला लागली. "मी पुसून टाकते ते. आत्ताच्या आत्ता पुसते, बघ. एक बटण दाबलं की गेलं."

"तुझं पुसशील गं," रखमी सूप झटकत म्हणाली. "मी बोलले ते कुठलं बटण पुसणार?"

भात शिजला. त्याला गोणपाटाचा वास होता. रखमीने आधी लेकीला वाढलं आणि मग समोर बसून ती त्या भाताचा एकेक घास खाली मान घालून गिळत राहिली.