गिमलीच्या छपरांवरून पाहिलेला अंतिम सामना

हॅल्ग्रिम म्हातारा हट्टी आहे हे तळ्याकाठच्या कोळ्यांच्या गिमली गावात कुणाला सांगायची गरज नव्हती. तळ्यातल्या माशांनाही ते ठाऊक होतं. एकुलता एक पोरगा, केटिल, होडी सोडून विनिपेगला फुटबॉल खेळायला गेला आणि तेव्हापासून तीन वर्षं म्हाताऱ्याने त्या खेळाचं नाव घरात काढू दिलं नाही. धडधाकट माणसांनी हातात धरून पळायच्या एका लांबोळक्या चेंडूपायी एकमेकांच्या अंगावर पडायचं, हा काय धंदा झाला?

पण नोव्हेंबरात केटिलचं पत्र आलं. संघ अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी टोरांटोला निघाला होता. केटिल राखीव खेळाडू, पण या वेळी दोन-चार मिनिटं तरी उतरवू असं प्रशिक्षकाने कबूल केलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'बाबा, एकदाच मला खेळताना बघा. बघूनही मूर्खपणाच वाटला तर रविवारी फोनवर तसं सांगा. मी वसंतात परत येऊन होडी धरतो.'

म्हाताऱ्याचे गुडघे कामातून गेले होते, बर्फाखाली जाळी टाकायला दुसरा हात नव्हता. निकाल त्याने पत्र वाचतानाच ठरवून टाकला. पण बघायचं म्हणजे बघायचं. न बघता निकाल द्यायला तो काय पुढारी होता?

बायकोने, सोल्वेगने, टीव्ही आणवला. शनिवारी दुपारी शेजारपाजारचे चौदा जण दातात साखरेचा खडा धरून कॉफी ओढत समोर बसले. पहिला डाव छान दिसला. मग चित्र हळूहळू पांढरं पडायला लागलं.

टीव्ही बिघडला की काय करायचं, हे गिमलीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एकाने छपरावर जाऊन अँटेनाचा खांब फिरवायचा आणि खालच्यांनी खिडकीतून 'बस' म्हणून ओरडायचं. त्या चौदा जणांत कुणाच्याच हातावर हॅल्ग्रिमचा भरवसा नव्हता. तो कण्हत शिडी चढला.

वर जाऊन बघतो तर सगळं गाव छपरावर! न्हावी, पोस्टमास्तर, झाडून सगळे थंडीत कुडकुडत आपापला खांब फिरवत होते. पाद्रीबाबा घंटेच्या मनोऱ्याला लटकले होते. शेजारचा ओत्तार म्हणत होता, हॅल्ग्रिमचा अँटेना आपलं चित्र पिऊन टाकतोय. हॅल्ग्रिमने खांब तळ्याकडे केला, मग उत्तर ध्रुवाकडे. खालून सोल्वेगने आता जरा दिसतंय म्हणून कळवलं, आणि लगेच, तो काचेवरचा डाग होता म्हणून कळवलं.

इतक्यात ओत्तारची बायको रेडिओवरची बातमी घेऊन धावत आली. टोरांटोच्या मैदानावर म्हणे धुकं उतरलंय. कुणी विश्वास ठेवीना. पोस्टमास्तरांनी तर रेडिओवाल्याची अक्कलच काढली: त्याला काय दिसणार, तो आवाजाचा माणूस! चार-चार पिढ्या तळ्यावरच्या धुक्यात चाचपडत वाढलेली ही माणसं. पण धुकं पेटीत घालून दाखवलं तर एकालाही ओळखता येईना.

"अहो, केटिल उतरला!" सोल्वेग खिडकीतून ओरडली. "नाव घेतलं त्यांनी!"

म्हाताऱ्याचा एक पाय शिडीकडे वळला. खाली उतरावं तर हातातला खांब हलणार आणि असलेलं चित्रही जाणार. तो तसाच खांबाला मिठी मारून राहिला.

"नीट सांग, काय दिसतंय?"

"सगळं पांढरं. मधेच एक माणूस येतो. कुठून आला, कुठे गेला, काही कळत नाही."

पन्नास वर्षं तळ्यावर काढलेल्या माणसाला तेवढं पुरलं. हे खरंच धुकं होतं, आणि त्याचा पोरगा आत होता. धुक्यात आपलं माणूस अडकलं की काठावरच्यांनी काय करायचं असतं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्याने होडीतला भोंगा मागवला, टोरांटोकडे तोंड केलं आणि तीनदा लांब फुंकला.

कुणी हसलं नाही. ओत्तारने स्वतःचा भोंगा आणला. पाद्रीबाबांनी घंटा धरली. हजार मैलांवरच्या मैदानाला गिमली कितीतरी वेळ हाका मारत होती.

शेवटी पंचांनी हात टेकले. उरलेली साडेनऊ मिनिटं उद्या खेळू, असं ठरलं. रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचन चटकन आटोपलं. चित्र आरशासारखं लख्ख होतं, आणि केटिल सगळा वेळ बाकावर बसून होता. कॅमेऱ्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विनिपेग एका गुणाने जिंकलं. गाव नाचलं. हॅल्ग्रिम फोनशेजारी बसून राहिला.

संध्याकाळी घंटी वाजली. केटिलचा आवाज पार बसला होता.

"जिंकलो, बाबा."

"कळलं."

"काल मी उतरलो होतो. चेंडूही मिळाला. पळालो जिवाच्या आकांताने, कुठे ते देवाला माहीत. बघितलंत?"

सोल्वेग दाराशी उभी होती. हो म्हणायचं, मूर्खपणा म्हणायचं, आणि वसंतात पोरगा घरी. तीन आठवडे म्हाताऱ्याने तेच वाक्य घोकलं होतं. पोरासाठी जीव तुटत होता. पण खोटं बोलायला जीभ उचलेना.

"नाही," तो म्हणाला. "नाही दिसलास."

"मग? येऊ का परत?"

"न बघता मी कसं सांगू? आणखी एक वर्ष खेळ."



"आणि जाळी, बाबा? एकट्याने कशी टाकणार?"

"टाकीन हळूहळू," हॅल्ग्रिम म्हणाला आणि रडू फुटायच्या आत त्याने फोन सोल्वेगच्या हातात दिला.