‘अडलंय’चा रकाना

शाळेतला काळा फळा तुमच्या चांगल्या ओळखीचा असेल. मी त्याच्याच कुळातला, पण पांढरा, आणि आता बराच जुना. मित्रांनो, मी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका ऑफिसात गेली.

एका लहानशा कारखान्यात पत्र्यावर पांढरा लेप चढवून मला भट्टीतून काढलं. चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या, खाली मार्कर ठेवायला अरुंद कड बसवली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दोन खिडक्यांच्या मध्ये मला टांगलं. टांगताना मी डावीकडे बोटभर कललो, तो कललेलाच राहिलो. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

त्या खोलीत पाच जण काम करत. त्यांच्या प्रमुखबाईंना सगळे ताई म्हणत. हुकूम सोडणं हे ताईंचं काम नव्हतं. इतरांच्या वाटेतले धोंडे बाजूला करणं, हेच त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावर चार रकाने आखले : ‘करायचंय’, ‘चालू’, ‘झालं’ आणि उजव्या कडेला ‘अडलंय’. पिवळ्या चिठ्ठीवर काम लिहायचं आणि काम सरकेल तशी चिठ्ठी सरकवायची. कुणाचं काही अडलं, तर लाल चिठ्ठी शेवटच्या रकान्यात लावायची. रोज सकाळी सगळे चहाचे पेले घेऊन माझ्यापुढे पंधरा मिनिटं उभे राहत आणि आपापल्या कामाचं सांगत. बसायची परवानगी नव्हती. बसलं की गप्पांना पाय फुटतात, असं ताईंचं म्हणणं.

खरं सांगू? पहिले काही महिने माझा शेवटचा रकाना कोराच होता. मोठे साहेब तो पाहून खूश होत. मीही फुगत होतो. कोरेपणाला मी शाबासकी समजत होतो.

तेव्हा ही मंडळी एका डायलिसिस केंद्रासाठी सॉफ्टवेअर बनवत होती. मूत्रपिंडं थकलेल्या माणसांचं रक्त तिथे यंत्रावर शुद्ध होतं. आठवड्यातून तीनदा जावं लागतं, आणि वेळ चुकून चालत नाही. यंत्र बिघडलं, तर त्या रुग्णाला आपोआप दुसरी वेळ मिळावी आणि घरच्यांना निरोप जावा, हे काम एका अबोल मुलीकडे होतं. ती इतकं कमी बोले, की तिचं नावच मौनी पडलं होतं.

मौनीची पिवळी चिठ्ठी ‘चालू’ रकान्यात आली आणि तिथेच रुतली. रोज सकाळी ती म्हणे, “चालू आहे. होत आलंय.” चिठ्ठीचे कोपरे वळले. बाकीचे जेवायला गेले, की ती एकटी माझ्यापुढे येऊन उभी राही. लाल चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे हात नेई आणि मागे घेई. आधीच्या नोकरीत तिने एकदा अडचण सांगितली होती. तेव्हा तिथल्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं होतं, की एवढंही जमत नाही का. हे मला फार उशिरा कळलं. पण तिचं काहीतरी अडलंय, हे मला दिसत होतं. मित्रांनो, मला तोंड असतं तर!

नवव्या दिवशी काकांनी लाल चिठ्ठी लावली. काका म्हणजे तिथले सर्वांत जुने प्रोग्रामर. सगळे त्यांनाच विचारायला जात. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘मीच मागे लिहिलेलं मला आता कळत नाही.’ खोलीत हशा पिकला. काकाही हसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तेव्हा कुणीतरी माझे गाढव व्हा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कुणी त्यांना कमी लेखलं नाही. दोघी त्यांच्या टेबलाशी गेल्या आणि तासाभरात गुंता सुटला.

दुपारी मौनीने लाल चिठ्ठी लावली. ‘केंद्रातल्या यंत्रांची नोंद आपल्याला दिसत नाही. तीनदा विचारलं. उत्तर नाही.’

ताईंनी चिठ्ठी वाचली. त्या रागावल्या नाहीत, इतके दिवस का थांबलीस असंही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पर्स उचलली आणि मौनीला घेऊन थेट केंद्र गाठलं. मौनीचे तिन्ही निरोप ज्याच्याकडे गेले होते, तो तंत्रज्ञ महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. मुख्य परिचारिकेने जागच्या जागी नोंद उघडून दिली. आठ दिवसांची गाठ, पण सुटायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनी बोलली. केंद्रातल्या बाकावर एक बाई नवऱ्याला घेऊन पहाटेपासून बसली होती. त्याचं यंत्र आदल्या दिवशीच बंद पडलं होतं, पण त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मौनीने तिला पाणी आणून दिलं होतं.

“मी आठ दिवस गप्प बसले,” ती म्हणाली. “त्या आठ दिवसांत त्या बाकावर किती जण असे बसून गेले असतील?”

मग काकांनी तिची पिवळी चिठ्ठी सरळ करून नीट चिकटवली.

त्यानंतर माझा उजव्या कडेचा रकाना कधी कोरा राहिला नाही. सकाळी लाल चिठ्ठ्या, संध्याकाळपर्यंत निम्म्या उतरलेल्या. शेजारच्या टीम मला बघायला येत, आपल्या भिंतीवरही असेच रकाने आखत. ते दिवस आठवले, की आजही माझ्या पत्र्यात कळ उठते.

ते काम पूर्ण झालं. काका निवृत्त झाले, ताई दुसऱ्या गावी गेल्या, मौनीला दुसरी टीम मिळाली. मंडळी आपापल्या घरून पडद्यावर भेटू लागली. चिठ्ठ्याही पडद्यात गेल्या. मला भिंतीवरून उतरवून जिन्याजवळ टेकवून ठेवलं आहे. माझ्यावर एक कागद डकवलाय : ‘लिफ्ट बंद आहे’. बरेच दिवस झाले. माणसं धापा टाकत चढतात, कागद वाचतात आणि पुढे जातात. लिफ्ट दुरुस्त कोण करणार, हे त्यावर कुणी लिहिलेलं नाही.

मी त्या सकाळच्या पंधरा मिनिटांसाठी झुरतो. चहाचा वास, मार्करची किरकिर, आणि “माझं अडलंय” म्हणताना हलका होणारा एखादा आवाज.

मित्रांनो, मला पुसायला विसरलात तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्याजवळ कुणी रोज “होत आलंय” म्हणत असेल, तर त्याला कामाचं विचारण्याआधी दोन मिनिटं त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.